ट्रॉपिकलवरून न्यू-डिस्कोवर कसं जायचं? नवे ट्रॅक आणि रिमिक्सही सुचवा

उजेडातली_प्लेलिस्ट

मंडळी, दीड तासाचा डीजे सेट बांधतेय. उजेड असताना सुरू होणार, अंधार पडल्यावर संपणार. पब्लिक ओळखीचं. निम्मे नाचणारे, निम्मे कडेला उभं राहून मान डोलावणारे. सुरुवात ट्रॉपिकलने (ट्रॉपिकल हाउस, उन्हाळी मूडचं नाचायचं संगीत) आणि शेवट न्यू-डिस्कोने (जुन्या डिस्कोचं नवं रूप), एवढं पक्कं आहे. साधन म्हणजे लॅपटॉप आणि दोन चॅनलचा साधा कंट्रोलर.

अडलंय ते मधल्या सांध्यावर. व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजावर कायगोने केलेलं 'हायर लव्ह' १०४ बीपीएमला (मिनिटाला ठोके) आहे, आणि मला जिथे पोचायचंय ते टॉड टेर्येचं 'इन्स्पेक्टर नॉर्स' १२० ला. मधे कुठेतरी गाणं तोडून नवं सुरू करावं लागतं आणि तेवढ्यात नाचणारे पांगतात. पिच फेडर (वेग बदलायची पट्टी) सरळ वर ढकलला तर आवाज चिरका होतो. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं) लावलं तर पियानो थरथरल्यासारखा ऐकू येतो.

दुसरं म्हणजे नवं काही सापडत नाहीये. ॲप जे सुचवतं ते सगळं एकाच साच्यातलं. मरिंबा, चुटक्या, उंच केलेल्या आवाजाचे तुकडे, आणि कव्हरवर माड. तीन ऐकले की चौथा आधीच ऐकल्यासारखा वाटतो. न्यू-डिस्कोत पर्पल डिस्को मशीनच्या पुढे माझी मजल गेलेली नाही, तेही 'हिप्नोटाइज्ड'मुळे.

आणि जाता जाता एक. रिमिक्स, एडिट, बूटलेग यांत नेमका फरक काय? सेट रेकॉर्ड करून नेटवर टाकायचा आहे, म्हणून विचारतेय.

---

बेसखाली_सही

तुझा सांधा वेगाचा नाहीच मुळी. ट्रॉपिकल म्हणजे १००-१०५ ही समजूत अर्धीच खरी. कायगोचंच 'फायरस्टोन' ११४च्या आसपास आहे. ओमीच्या 'चीअरलीडर'वर फेलिक्स येनने केलेला रिमिक्स ११८. आता पलीकडून बघ: डोजा कॅटचं 'से सो' १११, डाफ्ट पंकचं 'गेट लकी' ११६, एल्टन जॉन आणि डुआ लिपाचं 'कोल्ड हार्ट' तेही ११६. म्हणजे ११० ते ११८ हा पट्टा दोघांचाही आहे. तिथवर पोचलीस की १२० काही लांब नाही.

१०४ वरून तिथे जायचं तर एकाच गाण्याला ताणू नकोस. १०४ चं ११० करायला जवळजवळ पावणेसहा टक्के लागतात, आणि की-लॉक नसेल तर तेवढ्यात गाणं जवळपास एक अख्खा अर्धस्वर वर चढतं. चिरकं वाटणारच. दोघांनी अर्धं अर्धं अंतर चालायचं. 'हायर लव्ह' संपत आलं की १०७ पर्यंत ने, 'से सो' १११ वरून १०७ पर्यंत खाली आणून सोड, आणि ते एकटं वाजायला लागलं की फेडर हळूहळू मूळ वेगावर आण. एका मिनिटात सरकवलास तर कुणाला कळतही नाही. व्होकल थांबलेलं असताना सरकव, एवढं मात्र पाळ. माणसाचा आवाज सरकला की लगेच कळतं, हाय-हॅट (ड्रमवरची झांज) सरकली तर कळत नाही.

खरी खोच बेसमध्ये आहे. ट्रॉपिकलमध्ये बेस बहुतेक वेळा कॉर्डचा मूळ स्वर धरून बसतो, लांब आणि गुळगुळीत. गाणं चालतं वरच्या धुनेवर, म्हणजे बासरीसारखा सिंथ, मरिंबा किंवा चिरलेल्या आवाजाचे तुकडे. ड्रॉप (गाण्याचा जोर सुटतो ती जागा) आला की तीच धून पुढे येते. न्यू-डिस्कोत उलटं आहे. तिथे बेसच गाणं असतो. खालचा स्वर, वरचा सप्तक, मधेच एक मुकी नोट, आणि समेच्या किंचित आधी उडी. 'गेट लकी'त नाइल रॉजर्सच्या गिटारची तारीफ सगळे करतात, पण बेस बंद करून ते गाणं ऐक, गिटार नुसती खाजवल्यासारखी वाटेल.

म्हणून दोन ट्रॅक एकावर एक आले की चिखल होतो. लांब बेस आणि उड्या मारणारा बेस एका जागी नांदत नाहीत. मी करतो ते असं. जाणाऱ्या ट्रॉपिकल ट्रॅकचा शेवटचा भाग, जिथे नुसता ठेका आणि थोडा मरिंबा उरतो, तो १६ बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन) लूप करून ठेवायचा, म्हणजे तो फिरत राहतो. येणाऱ्या डिस्को ट्रॅकचा लो नॉब (बेस कमी-जास्त करणारं बटण) पूर्ण डावीकडे, आणि त्याची फक्त हाय-हॅट आत सोडायची. डिस्कोची उघडी हाय-हॅट दोन ठोक्यांच्या बरोब्बर मधे पडते, त्यामुळे ती आत आली की मरिंबासुद्धा डिस्कोतला वाटायला लागतो. असे ८ बार जाऊ दे. लोकांच्या खांद्यांकडे बघ, खांदे आधी बदलतात, पाय नंतर. मग सोळाव्या बारच्या समेवर दोन्ही लो नॉब एकदम उलटे फिरवायचे: एकाचा बंद, दुसऱ्याचा सरळ मधोमध. आवाजाच्या फेडरला तोपर्यंत हातही लावायचा नाही. बेस बदलला तिथेच गाणं बदललं, वरचं सगळं पुढच्या अर्ध्या मिनिटात निवांत काढून घे.

दोन व्होकल एकावर एक आणू नकोस. हे सांगायला नको होतं, पण लोक आणतात.

अजून एक, ठेक्याचं. १००च्या आसपासचं बरंच ट्रॉपिकल-पॉप डेमबोच्या (रेगेटॉनमधल्या ठेक्याच्या) अंगाने जातं, म्हणजे आठ मात्रांची वाटणी तीन-तीन-दोन. जस्टिन बीबरचं 'सॉरी' डोक्यात वाजवून बघ. डिस्को सरळ चार ठोक्यांचा. एकातून थेट दुसऱ्यात गेलं की नाचणारा अडखळतो आणि दोष वेगाला देतो. मधे असा एक ट्रॅक हवा ज्यात किक (पायाने वाजणारा जाड ड्रम) सरळ चारची आहे पण वर काँगा किंवा शेकर तीन-तीन-दोन वाजवतायत. सेटमधला सगळ्यात महत्त्वाचा ट्रॅक तो, मग गाणं म्हणून तो सुमार असला तरी चालेल.

---

जुनी_सुई

वरचं तंत्र बरोबर, पण मुळात ट्रॉपिकलने सुरुवात कशाला? तो प्रकार २०१६ मध्येच आटोपला. ते नावसुद्धा थॉमस जॅक नावाच्या ऑस्ट्रेलियन डीजेने थट्टेत वापरलं होतं, लोकांनी ते गंभीरपणे घेतलं. २०१५ मध्ये 'चीअरलीडर' अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं, २०१६ मध्ये कायगो रिओ ऑलिंपिकच्या समारोपाला वाजवून आला, आणि त्यानंतर जो तो तेच प्रीसेट (सॉफ्टवेअरमधले तयार आवाज) उघडून बसला. सुट्टीच्या जाहिराती ऐका, सगळ्यांखाली तोच मरिंबा.

त्यापेक्षा ११० च्या आतबाहेरचा संथ डिस्को लावा. उजेडातही चालतो आणि पुढे सांधायची कटकट नाही.

---

बेसखाली_सही

@जुनी_सुई, जाहिरातींबद्दल हरकत नाही. पण साचा झाला म्हणून मूळ चीज वाईट ठरत नाही. येनचा 'चीअरलीडर' आजही लावा. तो ट्रम्पेट येतो तेव्हा ज्यांना गाण्याचं नावही माहीत नसतं तेही वर बघतात. त्या रिमिक्सवाल्याने मूळ गाण्याला एक अख्खं नवं वाद्य दिलंय. नंतरच्या नकलांनी फक्त चुटक्या दिल्या.

डिस्कोबद्दल तरी लोक वेगळं काय म्हणत होते? १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर डिस्कोच्या रेकॉर्डी सुरुंग लावून उडवल्या, डिस्को मेला म्हणून जाहीर केलं, आणि आज आपण त्याच बेसलाइनवर भांडतोय.

---

तिसरी_बाजू

नव्या ट्रॅकचं मी बघते.

जंगलचं 'बॅक ऑन ७४', २०२३. तुझ्या सेटच्या मधल्या अंधाऱ्या-उजेडाच्या वेळेला हेच. शुद्ध डिस्को नाही, सोलच्या बाजूला झुकलेलं, पण एकावर एक रचलेले उंच आवाज आहेत, त्यामुळे ट्रॉपिकलच्या गोड व्होकलनंतर कानाला धक्का बसत नाही. कडेला उभी राहणारी मंडळी यालाच आत येतात, हा माझा अनुभव.

पर्पल डिस्को मशीन आवडतो म्हणालीस तर 'हिप्नोटाइज्ड'वर थांबू नकोस. कुंग्सबरोबरचं 'सब्स्टिट्यूशन' २०२३ चं. 'हनी बॉय' २०२४ चं, त्यात बेन्यामिन इंग्रोसो आणि शेन्सीयाबरोबर खुद्द नाइल रॉजर्स आहे. शेन्सीया जमैकाची, त्यामुळे एकाच गाण्यात तुझे दोन्ही किनारे येतात. सांध्याला मी हेच लावलं असतं. पर्पल डिस्को मशीनचं काम फार चकचकीत असतं ही माझी तक्रार आहे, चार सलग लावले की दात आंबतात. एका सेटला दोन बास.

फ्रेंच बाजूला लाँपेरात्रिस नावाचा बँड आहे, २०२४ मध्ये 'पल्सार' अल्बम आला. हे लोक वाद्यं हातात घेऊन वाजवतात, त्यामुळे बेसला अंगठ्याचा स्पर्श कळतो. पूलसाइडचंही ऐक, ते आपल्या संगीताला दिवसाउजेडीचा डिस्को म्हणतात, आणि तुझी पहिली वीस मिनिटं त्यांच्यावरही निघतील. @जुनी_सुई म्हणतात तो संथ डिस्को हाच.

ट्रॉपिकलमध्ये कायगो अजून काम करतोय. २०२४ चं 'व्हॉटेव्हर' एव्हा मॅक्सबरोबर, शकीराच्या जुन्या गाण्याची ओळ उचलून. मला ते आळशी वाटलं. ओळखीची ओळ आली की लोक ओरडतात, पण ओरडून झालं की गाण्याकडे द्यायला दुसरं काही नाही. तुझ्या पब्लिकला चालेलही.

आता ॲपबद्दल. ते कसं सुचवतं ते बघितलं तर राग येणार नाही: तू जे पूर्ण ऐकलंस त्याच्यासारखं पुढचं. म्हणजे ते सारखंच देणार. त्याच्यामागे लागण्यापेक्षा ट्रॅक आवडला की रिमिक्स कुणी केला ते नाव बघ आणि त्या माणसाची आधीची कामं काढ. मूळ कलाकारापेक्षा रिमिक्सवाल्याची आवड जास्त टिकाऊ असते. मग लेबल बघ. बेल्जियमचं एस्किमो, पॅरिसचं रोश म्युझिक, युक्सेकचं पार्टीफाइन. डिस्कॉग्जवर (रेकॉर्डींची नोंद ठेवणारी साइट) कुठल्याही रेकॉर्डचं पान उघडलं की बेस कुणी वाजवला हेही सापडतं. मी असंच एका बेसवाल्याच्या मागे अख्खी रात्र घालवलीय. बीटपोर्टवर (डीजेंसाठी गाणी विकणारी साइट) न्यू-डिस्को आणि डिस्कोचा स्वतंत्र विभाग आहे, पण त्याचा टॉप शंभर ऐकू नकोस, तिथे सगळे एकमेकांकडे बघून काम करतात.

आणि अल्बमचे रिमिक्स अल्बम. रोशीन मर्फीच्या 'रोशीन मशीन'वरून 'क्रूकेड मशीन' आला, २०२१ मध्ये. मूळ गाण्यांतले शब्द इतके काढून टाकलेत की गायिका स्वतःच्याच अल्बममध्ये पाहुणी वाटते. सेटच्या शेवटच्या वीस मिनिटांना यातलं काहीही चालेल.

---

फीत_कात्री

तिसरा प्रश्न राहिलाय, तो माझ्या आवडीचा.

रिमिक्स म्हणजे ज्याला मूळ रेकॉर्डिंगचे सुटे ट्रॅक मिळालेत. व्होकल वेगळं, बेस वेगळा, ड्रम वेगळे. त्यातलं हवं ते ठेवून बाकीचं नव्याने करायचं, आणि हे बहुधा मालकाच्या सांगण्यावरून. एडिट म्हणजे तयार गाण्याचीच कापाकापी. सुरुवातीचा ड्रमचा तुकडा लांबवला, नको असलेलं कडवं काढलं, बेसचा भाग दोनदा फिरवला. सुटे ट्रॅक नसतात, त्यामुळे आत नवं फारसं घालता येत नाही. बूटलेग यातलं काहीही असू शकतं, फक्त परवानगी नाही.

गंमत म्हणजे डिस्कोत आधी कात्री आली. टॉम मोल्टनने सत्तरच्या दशकात फिती कापून, जोडून गाणी लांब केली, कारण तीन मिनिटांत नाचणारा तापतो न तापतो तोच गाणं संपायचं. १९७६ मध्ये वॉल्टर गिबन्सने डबल एक्सपोजरच्या 'टेन पर्सेंट'चं जवळजवळ दहा मिनिटांचं रूप केलं, आणि सॅलसोल या लेबलने ते बारा इंची सिंगल (एका गाण्याची मोठी तबकडी) म्हणून दुकानात आणलं. लोकांना विकत मिळालेला पहिला बारा इंची तोच. आज तू 'एक्स्टेंडेड मिक्स' बघून ट्रॅक घेतेस ना, त्याचं मूळ तिथे. एक्स्टेंडेडच घे. रेडिओ एडिटला डोकं-शेपूट नसतं. वरती १६ बारचा सांधा सांगितलाय तो त्यावर जमणारच नाही, पहिल्या ठोक्यालाच गाणारा हजर.

रिमिक्स कसा पारखायचा? मी एकच बघतो: मूळ गाण्यातलं काय काढलंय. 'कोल्ड हार्ट'मध्ये प्नाऊ या ऑस्ट्रेलियन गटाने एल्टन जॉनची चार गाणी घेतली: 'सॅक्रिफाइस', 'रॉकेट मॅन', 'किस द ब्राइड' आणि 'व्हेअर्स द शूरा'. चारांचं एक करायचं तर प्रत्येकातलं बरंच टाकावं लागतं, आणि तिथे त्यांनी हात आखडता घेतला नाही. म्हणून ते ओळखीचंही वाटतं आणि नवंही. लिझोच्या 'अबाउट डॅम टाइम'च्या रिमिक्सला पर्पल डिस्को मशीनला २०२३ मध्ये ग्रॅमी मिळालं. मूळ गाणंच डिस्कोच्या घरचं, त्यामुळे तिथे मोडतोड कमी आणि मांडणी जास्त. मला प्नाऊचं काम अवघड वाटतं.

सध्या एक नवं पीक आलंय: सॉफ्टवेअरने गाणं फोडून व्होकल सुटं काढायचं. डीझर या गाण्यांच्या ॲपवाल्यांनी २०१९ मध्ये स्प्लीटर नावाचं असं सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं तेव्हापासून कुणीही घरी हे करू शकतं. लॅपटॉपच्या स्पीकरवर मस्त वाटतं. मोठ्या स्पीकरवर लावलं की स, श, च या अक्षरांमागे हाय-हॅटची राख उडताना ऐकू येते, आणि आवाजाच्या शेवटी पाण्याखाली गेल्यासारखा गुळगुळीतपणा. असा बूटलेग घेण्याआधी हेडफोन लावून फक्त व्होकल एकटं आहे ती जागा ऐक. तिथे घाण असेल तर सोड.

नेटवर टाकायचं म्हणशील तर यूट्यूबची कंटेंट आयडी (गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) अधिकृत गाणंही पकडते आणि एडिटही, कारण एडिटमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा असतो. कधी फक्त जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, कधी व्हिडिओच बंद. मिक्सक्लाउड लांब सेटसाठीच बनलेलं आहे, हक्कांचे पैसे तेच भरतात, सेट तिथे टाक. पण तिथे टाकला म्हणून बूटलेग काही अधिकृत होत नाही.

---

उजेडातली_प्लेलिस्ट

सगळ्यांचे आभार. लो नॉबवाली युक्ती घरी करून बघितली, 'से सो'मधून 'कोल्ड हार्ट'मध्ये इतकी अलगद गेले की मलाच पुन्हा ऐकावंसं वाटलं. 'हनी बॉय' सांध्याला पक्कं. @तिसरी_बाजू, 'व्हॉटेव्हर'बद्दल शंभर टक्के सहमत, पण माझी एक मैत्रीण ते लावल्याशिवाय जाऊ देणार नाही.

आता पुढचं. शेवटाला एक सत्तरच्या दशकातलं मूळ डिस्को गाणं लावायचं मनात आलं. पण सॉफ्टवेअर त्याला धड ग्रिड (ठोक्यांच्या खुणा) लावत नाही. सुरुवातीला जुळतं, दोन मिनिटांत किका घोड्यासारख्या टापटापायला लागतात. फाइल खराब आहे का?

---

बेसखाली_सही

फाइल ठीक आहे. ड्रमर माणूस होता. तो चार ठोक्यांचा डिस्को ठेका अर्ल यंगसारख्या लोकांनी हातापायांनी वाजवून घडवला, आणि कोरसला सगळा स्टुडिओ थोडा पुढे धावतो. ग्रिडला तो एकच वेग धरायचा असतो. डोना समरच्या 'आय फील लव्ह'चं उदाहरण घे, १९७७. सिंथ सगळा सिक्वेन्सरवर, मशीनसारखा पक्का, तरी किक ड्रम कीथ फोर्सीने पायाने वाजवलाय.

दोन मार्ग आहेत. एबलटनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वार्प मार्कर (गाणं ताणून जुळवायच्या खुणा) लावून दर ८ बारला समेची जागा हाताने पक्की करायची. दर ठोक्याला लावू नकोस, मग गाणं ताठ होतं आणि ज्यासाठी ते घेतलं तेच जातं. दुसरा मार्ग म्हणजे ग्रिड विसर, सिंक (आपोआप वेग जुळवणं) बंद कर, आणि जॉग व्हीलच्या (कंट्रोलरवरच्या गोल चकतीच्या) कडेला बोट ठेवून मिक्स चालू असेपर्यंत ढकलत राहा. सांधा १६ ऐवजी ८ बारचा ठेव. शेवटचंच गाणं असेल तर पुढे कशात मिसळायचं नाहीये, म्हणजे जुळवायचं ते फक्त आत येताना, आणि सुरुवातीला जुळतंय असं तूच म्हणालीस.

---

जुनी_सुई

शेवटचं गाणं मूळ रेकॉर्डवरचं लावणार असाल तर माझा ट्रॉपिकलवरचा आक्षेप मागे. कुठलं गाणं ते सांगा, लांब मिक्स आहे का बघतो.